चाकणला कोणता जर्मनी आला?

चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात माल पाठवणारी गावं आता कंपन्यांच्या पत्त्यांत वाचायला मिळतात: निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी. फोक्सवागन इथे आहे, मर्सिडीज-बेंझ आहे, आणि त्यांच्या आसपास सुटे भाग पुरवणारे अनेक जर्मन कारखाने आहेत. पिंपरीत त्यांच्या आधीच्या पिढीचे जर्मन आहेत: पंप बनवणारी केएसबी, साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री करणारी, एके काळी थिसेनक्रुपची असलेली कंपनी, विजेच्या तारांवरचं इन्सुलेशन बनवणारी, एके काळची डॉ. बेक अँड कंपनी.

एवढे जर्मन शेजारी असल्यामुळे या पट्ट्यात जर्मन शिस्तीच्या आणि जर्मन यंत्रांच्या गोष्टी भरपूर ऐकू येतात. जर्मन कामगाराची गोष्ट मात्र क्वचितच निघते. खरं तर तीच जास्त उपयोगाची आहे. गेल्या दीडशे वर्षांत त्या देशात सम्राट आला, गेला, प्रजासत्ताक आलं, हुकूमशाही आली, देशाचे दोन तुकडे झाले आणि पुन्हा एक झाले. प्रत्येक उलथापालथीबरोबर कारखान्याच्या गेटच्या आतले नियम बदलले. जी कंपनी ज्या दशकात पिंपरी-चिंचवडला आली, तिने त्या दशकातला जर्मनी बरोबर आणला, आणि त्यातलाही इथल्या कायद्याने मागितला तेवढाच भाग गेटच्या आत आला.

बिस्मार्कचा हिशोब

१८७१ मध्ये जर्मनी एकसंध झाला आणि कारखानदारी झपाट्याने वाढली. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ लागले, तसा चॅन्सेलर बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवादी संघटनांवर बंदी आणली. नुसत्या बंदीने भागणार नाही हे त्याला कळत होतं. म्हणून १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा विमा आला. एका हाताने संघटना मोडायची आणि दुसऱ्या हाताने औषधाचा खर्च द्यायचा, असा तो डाव होता. राजकीय अंगाने तो फसला. १८९० मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सर्वाधिक मतं समाजवादी लोकशाही पक्षालाच मिळाली. विमा मात्र टिकला.

कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून चालणारी ही पद्धत पुढे जगभर गेली. भारतात प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात कार्ड घेऊन रांगेत उभा असलेला माणूस त्या जुन्या युक्तीचा दूरचा लाभार्थी आहे. या पट्ट्यात कामगार कायद्याच्या अंगाने जर्मनीतून पूर्णपणे पोचलेली बहुधा ही एकच गोष्ट, आणि तीही कुठल्या जर्मन कंपनीने आणलेली नाही.

नोव्हेंबर १९१८ ते मे १९३३

पहिलं महायुद्ध हरल्यावर कैसर पळाला. त्यानंतर आठवड्याभरातच, १५ नोव्हेंबर १९१८ रोजी, उद्योगपती ह्यूगो स्टिनेस आणि कामगार नेते कार्ल लेगिन यांनी एक करार केला. मालकांनी युनियनना मान्यता दिली आणि आठ तासांचा दिवस कबूल केला. रशियासारखी क्रांती होऊन सगळंच हातचं जाण्यापेक्षा हे परवडेल, असा मालकांचा विचार होता.

१९२० मध्ये कारखाना समित्यांचा कायदा आला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी निवडून आलेली समिती हवी, असं त्याने ठरवलं. डाव्यांना हे फारच तोकडं वाटलं. जानेवारीत संसदेसमोर निदर्शनं झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि ४२ माणसं मेली. जर्मन कामगारनीती म्हणजे चहा पीत केलेल्या समंजस चर्चा, असं इथल्या एचआर परिसंवादांतून ऐकायला मिळतं, तेव्हा हा आकडा लक्षात असलेला बरा.

१९२३ च्या प्रचंड चलनवाढीत आठ तासांचा नियम ढिला पडला आणि दिवस पुन्हा दहा तासांपर्यंत लांबवता येऊ लागला. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा मंजूर केली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा त्यात कायम आहे. कारणं वेगळी आहेत, पण कामाच्या तासांचा कायदा कायमचा जिंकलेला नसतो हे दोन्हीकडे दिसतं.

हिटलरने १ मे १९३३ हा दिवस भरपगारी सुट्टीचा केला. दुसऱ्या दिवशी देशभरातल्या युनियनची कार्यालयं ताब्यात घेतली, नेते पकडले आणि निधी जप्त केला. त्या मालमत्तेवर पोसलेल्या नाझी ‘कामगार आघाडी’ने पुढे १९३८ मध्ये आज वोल्फ्सबुर्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी मोटारींचा कारखाना उभारायला घेतला. तोच फोक्सवागनचा मूळ कारखाना. म्हणजे निघोजेच्या गेटवरचं ते नाव लुटलेल्या युनियनच्या पैशांतून जन्मलं आहे. युद्धकाळात तिथे हजारो परदेशी वेठबिगार राबवले गेले.

खुर्ची कशी मिळाली

१९४५ नंतर जर्मनीच्या पश्चिम भागात विचित्र परिस्थिती होती. बडे उद्योगपती नाझींना साथ दिल्यामुळे बदनाम होते, मोठे उद्योगसमूह दोस्त राष्ट्रं मोडत होती, आणि छळछावण्यांतून परतलेले युनियन नेते नैतिकदृष्ट्या स्वच्छ होते. त्यांनी संधी साधली. १९५१ मध्ये संपाच्या धमकीनंतर कोळसा आणि पोलाद उद्योगांसाठी कायदा झाला. कंपनीच्या देखरेख मंडळात, म्हणजे व्यवस्थापनाची नेमणूक करणाऱ्या सर्वोच्च मंडळात, निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या. पुढच्याच वर्षी बाकी उद्योगांत मात्र युनियनना तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानावं लागलं.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. देखरेख मंडळातल्या जागा ही एक. प्रत्येक कारखान्यातली निवडून आलेली कामगार परिषद ही दुसरी. ही परिषद म्हणजे युनियन नव्हे. तिच्या निवडणुकीत सभासद असो वा नसो, सगळे कामगार मत देतात. शिफ्टचं वेळापत्रक आणि ओव्हरटाइम तिच्या संमतीशिवाय ठरत नाही. पगाराचा करार मात्र बाहेरची मोठी युनियन, मोटार उद्योगात बहुतेक ठिकाणी आयजी मेटाल, मालकांच्या संघटनेशी किंवा थेट कंपनीशी करते. त्यामुळे पगारासाठीचं भांडण आणि रोजच्या कामावरची कुरबुर यांची ठिकाणं वेगळी राहतात.

फोक्सवागनसाठी १९६० मध्ये खास कायदा झाला. नवा कारखाना उभारायचा किंवा असलेला हलवायचा तर देखरेख मंडळाची दोन-तृतीयांश मतं हवीत, असं त्यात आहे. मंडळात आज निम्मे कामगार प्रतिनिधी असतात. त्यांना डावलून असा निर्णय होणं अवघडच.

पिंपरीतली पहिली लाट

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीमुळे पिंपरी वसू लागली होती. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर प्लॉट पडू लागले. १९७० मध्ये नगरपालिका आली, १९८२ मध्ये महापालिका. जकातीने तिची तिजोरी अशी भरली की ‘आशियातली श्रीमंत पालिका’ हे बिरुद पिंपरीकर अजून मिरवतात, जकात २०१३ मध्येच गेली तरीही.

या काळात जर्मनी इथे नकाशांच्या गुंडाळ्यांतून आला. परकीय चलनाची चणचण होती आणि परवान्याशिवाय काही हलत नव्हतं. त्यामुळे तंत्र जर्मन आणि मालकी बहुधा इथली, असा प्रकार झाला. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. करार संपला तेव्हा ट्रकवरचा मर्सिडीजचा तारा गेला, पण बनवायचं कसं हे हातात राहिलं होतं. पिंपरीचा कारखाना टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी साठच्या दशकाच्या मध्यात उभारायला घेतला. आधी यंत्रं बनवायचा विभाग आणि प्रशिक्षण केंद्र काढलं. पुण्यात बनलेली पहिली व्यापारी गाडी १९७७ मध्ये बाहेर पडली. दहा वर्षं माणसं आणि हत्यारं घडवायची आणि मग गाडी काढायची, हा धीर आज कोणता संचालक दाखवेल?

बजाज टेम्पोचीही गोष्ट अशीच. हँबुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या परवान्यावर १९५८ मध्ये ती निघाली. उद्योजक फिरोदियांनी तिचं काम गोरेगावला सुरू केलं आणि १९६४ मध्ये आकुर्डीला हलवलं. तीनचाकी हान्सेआट आणि नंतर मॅटॅडोर तिथून निघाल्या. तिकडे हँबुर्गची मूळ कंपनी साठच्या दशकातच दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. इकडचं रोपटं २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने अजून उभं आहे.

एके काळी थिसेनक्रुपच्या असलेल्या पिंपरीच्या कारखान्याला जुने लोक अजून ‘बकाऊ वुल्फ’ म्हणतात. ही कंपनी मूळची मागदेबुर्गची. युद्धानंतर ते शहर सोव्हिएत भागात गेलं, तिथला कारखाना हातचा गेला आणि कंपनीने पश्चिमेत ग्रेवेनब्रोइखला बस्तान बसवलं. पुढे क्रुपने ती घेतली आणि १९९९ मध्ये क्रुप थिसेनमध्ये मिसळली. पिंपरीच्या गेटवरची पाटी एवढ्या कारणांनी बदलत गेली.

या लाटेतून इथल्या कामगाराला हातातलं कौशल्य मिळालं, आयटीआयला किंमत आली आणि ‘पर्मनंट’ नोकरी मिळाली. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाड्यातून आलेला मुलगा कंपनीत ‘लागला’ की घरचे निश्चिंत. तीन-चार वर्षांनी सेटलमेंट व्हायचं आणि पगार वाढायचा. परिषद आणि देखरेख मंडळ या गोष्टी परवान्यांच्या कागदांत नव्हत्या. भारतीय कायद्याने मागितल्या नाहीत, म्हणून कुणी आणल्या नाहीत.

१९७६, दोन्ही देशांत

१९७६ मध्ये पश्चिम जर्मनीने सहनिर्णयाचा मोठा कायदा केला. दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या सर्व कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या. मतं समान पडली तर निर्णायक मत अध्यक्षाचं, आणि अध्यक्ष भांडवलदारांच्या बाजूचा. मालकसंघटना तरीही न्यायालयात गेल्या आणि हरल्या.

त्याच वर्षी, आणीबाणीत, भारताने ४२ वी घटनादुरुस्ती केली. तिच्यातलं कलम ४३-अ सांगतं की उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळवण्यासाठी राज्याने पावलं उचलावीत. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यामुळे ते घेऊन न्यायालयात जाता येत नाही. ज्या सरकारने ते लिहिलं, त्याच सरकारने तेव्हा संपांवर बडगा उगारला होता. बिस्मार्क असता तर गालात हसला असता.

त्याआधीच, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद केली होती. प्रत्यक्षात ती कॅन्टीनची भाजी आणि बसच्या थांब्यांवर चर्चा करते. ओव्हरटाइम रोखायचा अधिकार तिला नाही.

शनिवारवाडा, सप्टेंबर १९८९

महाराष्ट्रात कोणत्या युनियनशी बोलायचं हे १९७१ च्या मान्यता कायद्याने ठरत आलं. किमान तीस टक्के सभासदत्व असलेल्या युनियनने अर्ज करायचा, तिची पडताळणी होते आणि मान्यता मिळते. सगळ्या कामगारांचं गुप्त मतदान त्यात नाही. त्यामुळे सभासदत्वाच्या पावत्यांवरून भांडणं होतात, समांतर युनियन उभ्या राहतात, आणि ‘कामगारांचा खरा प्रतिनिधी कोण’ हाच मूळ वाद होऊन बसतो.

टेल्कोत १९८८-८९ मध्ये हेच झालं. राजन नायर यांच्या नेतृत्वाखालची टेल्को कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांचा संघर्ष टोकाला गेला. कंपनीची सूत्रं नुकतीच रतन टाटांकडे आली होती. व्यवस्थापनाने दुसऱ्या युनियनशी करार केला. नायर यांच्या बाजूचे सुमारे तीन हजार कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. सप्टेंबरअखेर एका रात्री पोलिसांनी त्यांना उचलून गाड्यांत घातलं. मुख्यमंत्री शरद पवार होते. त्यानंतर संप मोडला.

नायर चुकले की व्यवस्थापन, यावर पिंपरीत अजून दोन तट आहेत. माझ्या मते त्या रात्रीची खरी किंमत पुढच्या पिढीने मोजली. बाहेरच्या नेत्याचा धाक गेला, कंपनीपुरत्या अंतर्गत युनियनची चलती झाली आणि व्यवस्थापनांनी ठरवलं की एका छताखाली इतके पर्मनंट कामगार पुन्हा जमू द्यायचे नाहीत. १९९१ नंतर कामं बाहेर गेली, भोसरीतल्या वर्कशॉपना ऑर्डरी मिळाल्या आणि व्हीआरएसच्या योजना निघाल्या. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीचं उत्पादन थांबवलं. गाड्या तोवर चाकणला बनू लागल्या होत्या.

हार्ट्झचा जर्मनी आणि नवं चाकण

जर्मनीही तोवर बदलला होता. १९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेकडचे हजारो सरकारी कारखाने एका विश्वस्त संस्थेने चार वर्षांत विकले किंवा बंद केले आणि तिथे बेकारी उसळली. २००२ मध्ये चॅन्सेलर श्रोडरने सुधारणांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पेटर हार्ट्झ हे फोक्सवागनचे मनुष्यबळ संचालक होते. त्यांच्या नावाच्या कायद्यांनी एजन्सीमार्फत कामगार घेणं सोपं केलं आणि बेकारभत्ता कडक केला. फोक्सवागनने स्वतः वोल्फ्सबुर्गमध्ये २००१ पासून वेगळी कंपनी काढून नेहमीच्या करारापेक्षा कमी पगारावर पाच हजार बेकारांकडून टूरान गाडी बनवून घेण्याचा प्रयोग केला होता. पुढे हार्ट्झ यांना कामगार परिषदेच्या नेत्यांवर कंपनीचे पैसे उधळल्याबद्दल २००७ मध्ये शिक्षा झाली. सहनिर्णयाची खुर्चीही विकत घेता येते, हे त्यातून कळलं.

हाच जर्मनी चाकणला आला. मर्सिडीजने १९९५ मध्ये टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली होती. २००९ मध्ये चाकणला तिचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. फोक्सवागनच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झालं. या वेळी मालकी पूर्ण जर्मन होती, आणि एकाच लाइनवर दोन प्रकारचे कामगार असू शकतात ही कल्पना दोन्ही देशांत रुळलेली होती.

आज चाकणमध्ये लाइनवर उभ्या मुलांत पर्मनंट, टेम्पररी, ट्रेनी, अप्रेंटिस आणि कंत्राटी असे थर आहेत. टेम्पररीला साधारण सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते आणि कपातीच्या वेळी कायद्याचं संरक्षण लागू होतं, म्हणून ही मोजदाद. २०१३ मध्ये आलेल्या ‘नीम’ योजनेत शिकाऊ म्हणून तीन वर्षांपर्यंत राबवता येत होतं, भविष्यनिर्वाह निधीशिवाय. पुढे ती गुंडाळली गेली, पण सवय लागून गेली. कंत्राटदार अनेकदा गावचाच असतो. जमिनी गेल्या, त्या बदल्यात बस, कॅन्टीन आणि मनुष्यबळाचं कंत्राट मिळालं. त्यामुळे ‘स्थानिकांना न्याय द्या’ ही घोषणा कधी भूमिपुत्र कामगारासाठी असते आणि कधी भूमिपुत्र ठेकेदारासाठी, हे नीट ऐकावं लागतं.

जर्मन कायद्यातला एक विरोधाभास इथे बोचतो. वोल्फ्सबुर्गच्या कामगार प्रतिनिधींना परदेशातल्या कारखान्याच्या निर्णयात वजन आहे. त्या प्रतिनिधींच्या निवडणुकीत मत मात्र फक्त जर्मनीतल्या कामगारांना आहे. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीच्या खटल्यात, हे योग्य ठरवलं.

एका बाबतीत मात्र भारत पुढे होता. आपला किमान वेतन कायदा १९४८ मध्येच झाला. जर्मनीत देशभर लागू होणारं कायदेशीर किमान वेतन आलं १ जानेवारी २०१५ रोजी, तासाला ८.५० युरो. युनियन करारांतून पगार ठरतात, सरकारने त्यात पडू नये, असं तिथल्या युनियनच दशकानुदशकं म्हणत होत्या.

मंदी आली की

गाड्या खपेनाशा झाल्या की पिंपरीत ‘ब्लॉक क्लोजर’च्या, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवण्याच्या, नोटिसा लागतात. २०१९ मध्ये त्या लागल्या होत्या. कायदेशीर ले-ऑफ असेल तर पर्मनंट कामगाराला निम्मी भरपाई मिळते, ती मालकाच्या खिशातून. टेम्पररीला फोन येत नाही, एवढंच. जर्मनीत अशा वेळी कामाचे तास कापतात आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्था देते. २००९ आणि २०२० मध्ये याच सोयीने लाखो नोकऱ्या टिकल्या. तो पैसा कामगार-मालकांच्या वर्गणीतून साठलेला असतो. म्हणजे पुन्हा बिस्मार्कचीच पद्धत.

ती सर्वशक्तिमान नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागन आणि आयजी मेटालने २०३० पर्यंत जर्मनीत ३५ हजारांवर पदं कमी करायचं कबूल केलं, सक्तीची कपात न करता. तळेगावच्या जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हा कामगारांची लढाई गेटवर आणि न्यायालयात झाली.

पाचशे शेअर, एक रुपया

२५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात संप झाला. विश्व कल्याण कामगार संघटनेची एक मागणी अशी होती की अनेकांना ती विनोदी वाटावी: प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे शेअर, एक रुपया दराने. कंपनीने ती साफ नाकारली आणि पन्नास दिवसांनी संप मागे घेतला गेला. कलम ४३-अ वाचलेल्या माणसाला तिच्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जर्मनीत मंडळावरची जागा कायद्याने मिळते. इथे ती वाट बंद आहे, म्हणून कामगाराने भागधारक होऊन आत शिरायचा रस्ता शोधला होता.

संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये मंजूर केलेल्या चार कामगार संहितांत ५१ टक्के पाठिंब्याच्या युनियनला एकमेव वाटाघाटीचा हक्क आहे. १९८९ सारखा वाद त्याने थोडा सुटेल. व्यवस्थापनातल्या जागेबद्दल त्यांत काही नाही.

उलटा प्रवास

पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून ‘पाहुणे कामगार’ आणले आणि १९७३ च्या तेलसंकटात भरती थांबवली. पाहुणे बहुतांशी परत जातील अशी अपेक्षा होती. लाखो राहिले. आता लोकसंख्या म्हातारी होत असल्याने तो देश पुन्हा माणसं शोधतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मर्सिडीजचं मुख्यालय असलेलं श्टुटगार्ट हे त्याच राज्याचं राजधानीचं शहर. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसा मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली.

खेड तालुक्यातला एखादा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन उद्या भाषेची परीक्षा देऊन तिकडे गेला, तर कामगार परिषदेच्या निवडणुकीत त्याला मत असेल. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, वयाची सोळा वर्षं पूर्ण असली की पुरे. एजन्सीमार्फत लागला असला, तरी तीन महिन्यांहून अधिक काळासाठी नेमणूक असेल तर ज्या कारखान्यात राबतो तिथे त्याला मत देता येतं. या निवडणुका दर चार वर्षांनी मार्च ते मे या काळात होतात. त्याचा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या चाकणच्या लाइनवर कंत्राटी असेल, तर त्याच्यासाठी अशी निवडणूक कोणत्याच महिन्यात नाही.